भासऱ्यांचं मत

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी दचकायला नको. प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि आवाज असा कमावलेला होता की वर्गातली पोरंच काय, गल्लीतली कुत्रीही खाली बसायची. जुन्या मंगळवारीत मला सगळे शोभाबाई म्हणायचे आणि मागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे.

आमच्या भिंतीला लागून कोहाडांचं घर. गल्लीच्या तोंडाशी आनंदराव कोहाडांचं सायकलचं दुकान होतं. तिथे हवा भरायचं काम त्यांचा थोरला भाऊ कवडू करायचा. आधीची दोन लेकरं गेली म्हणून हा जन्मला तेव्हा आईने, प्रयागबाईंनी, त्याला शेजारणीच्या ओटीत टाकून एका कवडीला परत विकत घेतला होता. म्हणून नाव कवडू. तो जगला. फक्त डोक्याने हळू चालायचा. शाळेत दुसरीच्या पुढे गेला नाही, बोलायला वेळ घ्यायचा, नव्या माणसासमोर तोंडाला कुलूप लावायचा. एखादी गोष्ट मात्र एकदा त्याला कळली की कोणाच्या बापाला ती त्याच्या डोक्यातून काढता येत नसे. गल्ली त्याला येडा कवडू म्हणायची, आणि तेही अगदी प्रेमाने, त्यामुळे भांडायची सोय नव्हती.

मागच्या इलेक्शनला सगळं घर मत द्यायला गेलं तेव्हा कवडू प्रयागबाईंची पिशवी धरून शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिला. घरी आल्यावर त्याने दुकानातल्या पेनची निळी शाई बोटाला फासली आणि गल्लीभर बोट दाखवत हिंडला. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी आंघोळीत शाई निघून गेली. मग हा पठ्ठ्या बोट धरून अंगणात बसला, जेवायला उठेना. "बाकीच्याईची काहून नाही गेली?" असं तो आईला विचारत होता. प्रयागबाईंनी त्याच्या डोक्याला तेल लावलं.

हे सगळं रुख्मिणीने पाहिलं. रुख्मिणी म्हणजे आनंदरावांची बायको. ती रामटेकाकडची, वळणाच्या घरातली. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तो आला की उठून उभं राहायचं, त्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं तर मुळीच नाही. शहरातल्या सुनांनी हे कधीच गुंडाळून ठेवलं होतं, पण रुख्मिणीने नाही. त्यामुळे सगळ्या नागपुरात कवडूला पाहून उठून उभं राहणारं माणूस एकच होतं.

बोलायचं झालं तर ती अंगणातल्या शेळीशी बोलायची. "शेळे, भासऱ्याईले सांग, ताट वाढलं." शेळी पाला चघळत राहायची आणि कवडू हात धुवायला उठायचा. मला आधी वाटलं, एका घरात किती जणांचं डोकं फिरावं. मग सवय झाली.

कार्पोरेशनचं इलेक्शन आलं. तेव्हा मताचं वय एकवीस होतं. त्याआधी याद्या तपासायला एक कारकून घरोघर फिरला. आनंदरावांनी स्वतःचं, बायकोचं आणि आईचं अशी तीन नावं सांगितली.

"अन् चौथं?" आतून रुख्मिणी म्हणाली.

"येड्याचं नाव लिहित असते काय कुठं?" आनंदराव म्हणाले. कारकुनाने मान डोलावली आणि तो पुढच्या घरी गेला.

रुख्मिणी तडक भिंतीपाशी आली. "बाई, असा कायदा हाय काय वं?"

मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणणं माझ्या स्वभावात बसत नाही. इलेक्शनच्या ड्यूटीवर मास्तरांना एक पुस्तक मिळतं, ते कोणी वाचत नाही, मी ते काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की कोर्टाने वेडा ठरवल्याशिवाय कोणाचं नाव असं गाळता येत नाही. डोक्याने हळू, भोळा, दुसरी नापास यांबद्दल पुस्तकात अक्षरही नव्हतं. मी पुस्तक घेऊन कोहाडांच्या अंगणात उतरले.

"बाई, लोकं हासतीन ना," आनंदराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता. भावाला जेवू घालायचा, दिवाळीला कपडे शिवायचा. फक्त चारचौघांत भाऊ दिसला की त्याला घाम फुटायचा.

"हसू देत. दात त्यांचे झिजतील."

"अन् तो कोणावर शिक्का मारन, त्याचा काही भरवसा?"

"तुमचा भरवसा कोणी मागितला होता तुम्ही एकवीसचे झालात तेव्हा?"

आनंदराव आईकडे वळले. प्रयागबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "माहे दोन गेले," त्या म्हणाल्या. "हा वाचला. वाचला त मंग गिनतीत काहून नाही धरत तुमी त्याले?" त्यांचे डोळे भरून आले आणि माझेही आले, आता लपवून काय करायचं? आनंदराव गुपचूप दुकानात निघून गेले.

अर्ज केला. काही दिवसांनी सुनावणीचं बोलावणं आलं. कचेरीत कवडू, रुख्मिणी आणि मी असे तिघं गेलो. कवडूने दिवाळीचा शर्ट घातला होता. टेबलामागे एक साहेब होते, बोलण्यावरून पुण्याकडचे.

"अर्जदाराचं नाव?" त्यांनी रुख्मिणीला विचारलं.

रुख्मिणीने पदर पुढे ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली.

"अहो बाई, नाव सांगा."

"मी नाही घेत."

"काय नाही घेत?"

"नाव."

साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "ज्यांचं नाव यादीत घालायला या आल्या, त्यांचंच नाव या घेत नाहीत?"

"भासरे आहेत तिचे. नाही घेत. तुम्ही त्यांनाच विचारा, मत ते देणार आहेत."

कवडूने तोंडाला कुलूप लावलं होतं. तो फरशीकडे पाहत होता आणि शर्टाचं बटण पिळत होता. साहेबांनी आवाज खाली आणला, पण एवढाही नाही की कवडूला ऐकू जाऊ नये. "हे जरा कमी आहेत का?"

"कोर्टाने तसं ठरवलंय?" मी पुस्तक टेबलावर आपटलं. "तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

"पण दिसतंच की हो, बाई."

"दिसण्यावरून यादी करायची ठरवलीत साहेब, तर ती पोस्टकार्डावर मावेल."

साहेब लाल झाले. मीही झालेच होते. बाहेरच्या बाकावरचे लोक दारात येऊन उभे राहिले. आता हा अर्ज फेटाळणार असं मला वाटलं आणि माझ्याच जिभेचा राग आला. तेवढ्यात रुख्मिणी एक पाऊल पुढे झाली आणि साहेबांच्या टेबलाशी बोलू लागली.

"टेबला, भासऱ्याईले सांग, इथं कोणी मारत नाही. गिऱ्हाइकासंगं बोलते तसं बोला म्हणा."

साहेबांनी टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. खोलीत कोणी हसलं नाही, कारण हसावं की नाही हेच कोणाला कळेना. कवडूने टेबलाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"कवडू रामाजी कोहाड," तो म्हणाला. "जुनी मंगळवारी. हवा भरतो."

"वय काय?"

कवडूने शर्टाचं बटण सोडलं. "आनंद्याचं नाव हाय काय यादीत?"

"आनंदा कोण?"

"माहा लहाना भाऊ."

साहेबांनी पानं उलटली. "आहे."

"मंग मी त्याच्याहून मोठा हावो."

साहेबांनी खाली मान घातली आणि नाव लिहून घेतलं. हसत होते, पण वाईट नाही. आम्ही निघालो तेव्हा ते रुख्मिणीला म्हणाले, "बाई, आता तरी यांचं नाव घ्या." ती टेबलाला नमस्कार करून बाहेर पडली.

नाव आलं, आता शिक्षण. मी मास्तरीण, मला वाटलं हे माझंच काम. मी कवडूला समोर बसवून उमेदवार, चिन्ह, गुप्त मतदान असा धडा घेतला. धडा संपल्यावर त्याने विचारलं, "पण मंग होते काय?" मी नगरसेवक म्हणजे काय ते सांगू लागले. तो पेंगला. रुख्मिणीने मला बाजूला केलं आणि शेळीला दाव्यासकट ओढून आणलं.

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशाने तीन चित्रं काढली होती: वांगं, भोपळा आणि दोडका. भेंडीचा देठ कापून तिचा शिक्का केला आणि कुंकू कालवलं. "शेळे, भासऱ्याईले सांग, दाराआड जाऊन एकावर शिक्का मारा. कोणाले दाखवू नका. घडी करा, डब्यात टाका. ज्याच्यावर शिक्का, ती भाजी उद्या."

कवडूने वांग्यावर शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी झाली. ताटात वांगं पाहून त्याचा चेहरा असा काही उजळला की मी शिकवलेल्या एकाही पोराचा तसा कधी उजळला नव्हता. माझी मास्तरकी तिथेच जमिनीवर आली. त्याला कळलं होतं. आपण आत जाऊन शिक्का मारायचा आणि बाहेर जग बदलतं.

मग रोज मतदान आणि रोज वांगं. आनंदराव ताटावरून उठून ओरडले, "अवं, दुसरं काही पिकून नाही राहिलं काय नागपुरात?" रुख्मिणी म्हणाली, "बहुमत हाय." एकदा शेळीने मतपत्रिकाच खाल्ली. त्या दिवशी मतदान रद्द झालं आणि दुसऱ्या दिवशी घराला नुसतं चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, खावं लागलं. कवडूने शेळीला फार सुनावलं. मग एका सकाळी डब्यातून भोपळा निघाला.

"काहून गा?" प्रयागबाईंनी विचारलं.

"वांग्याले लय दिवस देल्ले," कवडू म्हणाला. "आता दुसऱ्याले पाहू."

रुख्मिणी शेळीला एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती: "घरी एकच मत हाय म्हणून कळते कोणाले देल्लं ते. तिकडं साऱ्याईचे एकाच पेटीत. तिकडं कोणालेच कळत नाही, अन् कोणाले सांगाचंही नसते. भावाले नाही, मायले नाही." कवडू प्रत्येक वेळी मान हलवायचा.

यादी छापून आली आणि गल्लीचा रंग पालटला. छत्री चिन्हाचे उमेदवार रुपराव, आनंदरावांचे जुने गिऱ्हाईक. आमच्याकडे रीत अशी की घरच्या कर्त्याने शब्द द्यायचा आणि घराने शिक्के मारायचे. आनंदरावांनी तीन मतांचा शब्द आधीच दिला होता. आता ऐटीत म्हणाले, "चार धरा, रुपरावजी." ज्याला गिनतीत धरायला लाज वाटत होती, तो शब्द द्यायच्या वेळी बरोबर गिनतीत आला. मी भिंतीवरून खोकले. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

रुपराव दुकानात आले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "नमस्कार कवडूभाऊ! छत्री ध्यानात ठेवजा."

कवडूने पंप थांबवला. "तुमाले मत देल्लं त भाजी कोणची भेटन?"

रुपराव गोंधळले. "तू म्हणशीन ते!"

"असं नसते," कवडू म्हणाला. "आधी सांगा लागते."

शिलाई मशीनचे नानाजीही येऊन गेले. त्यांनाही हाच प्रश्न. त्यांनी नळ, नाली, रस्ता, दिवे असं सगळं सांगितलं. कवडू म्हणाला, "एवढं एका दिवशी रांधत नसते कोणी." दोघंही त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक पुढाऱ्याचं भाषण ऐकताना भाजी शोधत असते.

मतदानाचा दिवस उजाडला. आमच्याच शाळेत केंद्र होतं. खोली एक, पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, आणि आत आळीपाळीने सोडत होते. कवडू भल्या पहाटे उठून तयार होता. आनंदराव वाटभर त्याच्या कानाशी लागले होते. "छत्री. काय? छत्री. कोणती?" कवडू पायाखाली बघून चालत होता. घाबरला होता. फाटकाशी आल्यावर त्याचे पाय थबकले. मागच्या वेळी तो इथेच पिशवी धरून उभा होता. रुख्मिणी फाटकाच्या लोखंडाला म्हणाली, "फाटका, भासऱ्याईले सांग, आज आत जाचं हाय." तो आत गेला.

खोलीच्या दारात मी आणि रुख्मिणी बायकांच्या रांगेत पुढेच होतो, त्यामुळे सगळं दिसत होतं. टेबलावरच्या माणसाने मोठ्याने नाव वाचलं, "कवडू रामाजी कोहाड!" छत्रीचे एजंट महादेवराव कोपऱ्यात बसले होते, त्यांनी यादीवर खूण केली आणि गालात हसले. शाई लावणाऱ्याने कवडूचा डावा हात धरला. शाईचा थेंब बोटावर उतरला तेव्हा कवडूने श्वास रोखून धरला होता. "धुतली त जात नाही ना?" त्याने विचारलं. "महिनाभर नाही जात गा," तो माणूस म्हणाला. मला हुंदका आला आणि मी भिंतीवरच्या फळ्याकडे रागाने पाहू लागले.

त्याने मतपत्रिका घेतली, शिक्का घेतला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला.

आणि बाहेर येईना.

आमच्या वॉर्डात मत म्हणजे आत गेला, ठप्प, बाहेर आला. रांगेत चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "येडा झोपला वाटते." आनंदराव दाराशी घामाघूम उभे होते. पुठ्ठ्याखाली कवडूची दोन पावलं दिसत होती, जराही न हलणारी. रुख्मिणीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. सगळं आत्ता फसणार, लोक हसणार, आणि पुढच्या वेळी हा पुन्हा पिशवी धरून फाटकाबाहेर उभा राहणार, हे दोघींनाही दिसत होतं.

केंद्राध्यक्ष उठले. आडोशामागे जायची त्यांना मुभा नव्हती, म्हणून त्यांनी लांबूनच विचारलं, "काय झालं हो? काही अडचण आहे का?"

"नाही," आतून कवडूचा आवाज आला. "इचार करून राहिलो."

इतकी वर्षं तिथे मतदान होत होतं, पण आत जाऊन विचार करणारा माणूस त्या खोलीने पहिल्यांदाच पाहिला. केंद्राध्यक्ष परत खुर्चीत बसले. विचार करायला मनाई असल्याचं पुस्तकात कुठे नव्हतं, ते मी वाचलेलं होतं.

महादेवरावांना राहवलं नाही. "अबे कवडू, छत्री! छत्री!" ते कोपऱ्यातून ओरडले.

"चूप बसा! बाहेर काढीन!" केंद्राध्यक्ष गरजले.

"झालं," आतून कवडू वैतागून म्हणाला. "आता पुन्हा पयल्यापासून करा लागते."

मग खोली हसली. मीही हसले, रडत रडत हसले. पण त्या हसण्यात येडा कवडू कुठे नव्हता, सगळे महादेवरावांना हसत होते. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "करू द्या गा त्याले. घाई कोणाले हाय?" आणि खरंच कोणालाच घाई राहिली नाही. थोड्या वेळाने ठप्प असा आवाज आला. कवडू बाहेर आला, कागदाची नीट घडी केलेली, शिक्का परत दिला, मत पेटीत टाकलं आणि पेटीला कान लावून ते खाली पडलं की नाही याची खात्री करून घेतली.

त्याच्या पाठोपाठ रुख्मिणीची पाळी. ती पदर सावरून आडोशामागे गेली. मला वाटलं, ही आता ठप्प करून येईल, दर वेळी तशीच यायची. पण शिक्क्याचा आवाज काही लवकर आला नाही. पुठ्ठ्याखाली तिच्या जोडव्यांचे पाय स्थिर उभे होते. महादेवरावांनी तोंड उघडलं, केंद्राध्यक्षांकडे पाहिलं आणि मिटलं.

घरी जाताना पुढे आनंदराव आणि कवडू आणि मागे रुख्मिणी आणि मी असे चाललो होतो. प्रयागबाई सकाळीच मत देऊन आल्या होत्या. आनंदरावांनी कळ काढली ती पानठेल्यापर्यंत.

"छत्रीच ना बे?"

"सांगाचं नसते," कवडू म्हणाला.

"अबे, मी भाऊ हावो तुहा!"

"भावाले नाही, मायले नाही," कवडू म्हणाला आणि बोट उन्हात धरून पाहू लागला.

आनंदरावांनी त्याला आणखी दोनदा विचारलं, चहाचं आमिष दाखवलं, शेवटी हात जोडले. रुपरावांना शब्द दिला होता, घरची अब्रू होती. कवडूचं आपलं एकच. मग ते मागे वळले. "जाऊ दे त्याले. तू तं छत्रीलेच देल्लं ना वं?"

रुख्मिणी चालता चालता थांबली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"घरातल्या मोठ्यानं नाही सांगितलं," ती म्हणाली. "मंग मी लहानी होऊन कशी सांगू?"